एकाच शाळेची दोन आश्वासनं

बाई, मी महापालिकेच्या निवडणुकीला उभी राहिले आणि निवडून आले. निकाल लागून तीन महिने होत आले. या तीन महिन्यांत तुम्हाला सांगायला कितीदा तरी बसले, आणि दर वेळी दुसरंच काहीतरी काम काढून उठले. आज रविवार आहे, दुपारची वेळ आहे. शेजारच्या खोलीत अम्मी साडीला पिको करते आहे, मशीनचा आवाज थांबून थांबून येतो आहे. मी दार लोटून घेतलं आहे. समोरचे कागद नगरसेविकेच्या लेटरहेडचे आहेत. त्यावर माझ्या नावापेक्षा आमच्या पॅनलच्या पुढाऱ्याचा फोटो मोठा आहे, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. आता मला एकोणतिसावं लागलं आहे, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून पाठ सरळ करून बसावंसं वाटतं.

आपली शाळा बंद झाली, बाई. पट कमी होत होत एका वर्गात नऊ-दहा मुलं उरली, मग ती दुसऱ्या शाळेत पाठवली आणि दोन्ही फाटकांना कुलूप लागलं. एक फाटक आमच्या मोहल्ल्याकडे उघडायचं आणि दुसरं तुमच्या बौद्ध वस्तीकडे. मधली घंटा झाली की अर्धी मुलं इकडून पळायची, अर्धी तिकडून. मला अब्बांनी मराठी शाळेत घातलं ते काही विचार करून नव्हे. उर्दू शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. अब्बा सकाळी सातलाच लकडगंजच्या आरा मशीनवर लाकूड कापायला जायचे आणि मला रस्ता पार करून द्यायला घरी कुणी नव्हतं. एवढ्या कारणानं मी तुमची विद्यार्थिनी झाले.

सहावीतला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल, कारण तुम्ही रोजच कुणाला तरी रागवायचात. तुम्ही मला धडा वाचायला उठवलंत. मी पहिल्या ओळीत तीनदा अडखळले, मागून कुणीतरी हसलं, आणि मी पुस्तक मिटून म्हटलं, "बाई, आमच्यात मराठी येत नाही." तुम्ही खुर्चीवरून उठलात. वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, पण राग आला की उमरेडची बोली बाहेर यायची. "आमच्यात म्हंजे कोणात वं?" मी पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिले. "तुह्या अम्मीले मी भाजीवाल्याशी बोलताना ऐकलं आहे. तुह्या अब्बाले मालकाशी बोलताना ऐकलं आहे. त्यायले येते. तुले येत नाही. तर 'मले येत नाही' म्हण. साऱ्या मोहल्ल्याले काहून पुढे करतेस?" मग तुम्ही मागे हसणाऱ्या मुलीलाही उभं केलंत आणि तीच ओळ वाचायला लावलीत. तीही अडखळली. पण मला तिचं अडखळणं आठवत नाही, मला तुमचं वाक्य आठवतं. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. मला वाटलं होतं, तुम्हाला मी आवडत नाही.

आणि मग त्याच वर्षी तुमच्याकडे मतदार यादीचं काम आलं. घरोघर जाऊन नावं तपासायची, नवी लिहायची, गेलेल्यांची काढायची. आमच्या मोहल्ल्यात तुम्ही एकट्या गेलात तेव्हा दाराच्या पडद्याआडून बायका "घर में कोई नहीं है" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही मला सोबत घेतलंत. मी पडदा सरकवून आत जायची, "हमारी बाई आई है" सांगायची, आणि मग तुम्हाला आत खाटेवर बसायला जागा मिळायची. एका घरात एक म्हातारी होती. तुम्ही विचारलंत, नाव काय? तिनं नवऱ्याचं नाव सांगून पुढे 'की बीवी' जोडलं. तुम्ही म्हणालात, "त्यायचं नाही, तुमचं." तिनं मुलाचं नाव सांगून 'की अम्मा' म्हटलं. तुम्ही पेन तसंच धरून थांबलात. म्हातारी बराच वेळ विचारात पडली, मग लाजून हसली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. सून चहाचा कप घेऊन उभी होती, ती म्हणाली की हे नाव तिनं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला काही शिकवलं नाहीत, बोध केला नाहीत. नुसतं म्हणालात, "चाल, अजून अकरा घरं आहेत." काम संपल्यावर तुम्ही ते कागद अडकवायचं लाकडी पॅड मला देऊन टाकलंत, स्टीलची क्लिप असलेलं, आणि म्हणालात की परीक्षेला वापर.

त्या आठवड्यांत मी तुमच्या घरी जेवायची. आत्ताही तुमचं स्वयंपाकघर मला स्पष्ट दिसतं. खिडकीत मिठाची बरणी आहे, तुम्ही भाकर थापता आहात, तुमची धाकटी बहीण पाटावर बसून अंबाडीची भाजी घोटते आहे. दोघी बहिणीच त्या घरात. ती अंगणवाडीत कामाला होती आणि तुमच्याहून जास्त हसायची. पहिल्या दिवशी तुम्ही ताट वाढण्याआधी विचारलंत, "घरी माहीत आहे ना, इथं जेवतेस म्हणून?" मी हो म्हटलं. तुम्ही परत विचारलंत. मग जेवता जेवता सांगितलंत की तुमचे वडील दीक्षा घ्यायला उमरेडहून पायी आले होते, आणि परत गेल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तुमच्या आत्याला शाळेत घातलं. ती शाळेत दाराजवळ बसायची, आत बसायला तिला दोन वर्षं लागली. तुम्ही हे दुःखानं सांगत नव्हतात. भाकर उलटता उलटता, बाजारभाव सांगावा तसं सांगत होतात. तुमच्या बहिणीनं मध्येच म्हटलं, "पोरीले जेवू तरी दे वं, नुस्ता इतिहास खाऊ घालून राहिली."

मी एवढं सगळं आठवते आहे कारण पुढचं सांगणं लांबवते आहे.

बी.ए. झाल्यावर मी मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या कॉम्प्युटर सेंटरवर फॉर्म भरायचं काम धरलं. रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, निराधार योजना, जन्माचे दाखले. दोन्ही वस्त्यांतली माणसं माझ्याकडे यायची. सात वर्षांत असं झालं की कुणाच्या घरात कोण, कुणाचं नाव कुठल्या कागदावर चुकलं आहे, हे मला तोंडपाठ. निवडणूक लागली, आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी निघाली, आणि एका दुपारी भाऊ सेंटरवर आले. भाऊ म्हणजे इथले जुने नगरसेवक, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. एका प्रभागात चार जागा, मतदारानं चार मतं द्यायची, म्हणून चार उमेदवारांचं पॅनल असतं, आणि आमचं पॅनल म्हणजे भाऊ आणि बाकी तिघं. ते समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, तुमच्याइतकी घरं मलेही माहीत नाहीत. उभ्या राहा. तिकडं मोहल्ल्यातले लोकं तुमचे आहेतच, इकडं बौद्ध वस्तीतलेही तुमाले ओळखतात." मला खरंच वाटलं, बाई, की हे त्यांनी माझं काम पाहून म्हटलं.

अब्बांनी ऐकून घेतलं. कपड्यांवरचा सागाचा भुसा झटकत राहिले. मग म्हणाले, "हारी तो घर की बात है, जीती तो सबकी हो जाएगी. सोच ले." मी विचार केला नाही. मला उभं राहायचंच होतं.

पहिल्या आठवड्यात फोटो काढायला नेलं. एक फोटो डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून, एक नुसती ओढणी खांद्यावर घेऊन, हात जोडून. भाऊंचा माणूस म्हणाला, "हा तिकडच्या बॅनरले, हा इकडच्या." मी सेंटरवर ओढणी डोक्यावरून घेते, कधी ती सरकते, कधी मी ती सारखी करते. दोन्हींपैकी एकही मी नव्हते. पण फोटो चांगले आले होते. प्रचारात दारोदार गेले तर एका फ्लॅटच्या दारातून एक काका म्हणाले, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! मुसलमान वाटतच नाही." मी हसून थँक्यू म्हटलं आणि पत्रक दिलं. मोहल्ल्यात एका बुजुर्गांनी माझ्याकडे न बघता अब्बांना विचारलं, "लड़की माइक पे बोलेगी?" अब्बा म्हणाले, "बचपन से बोलती है, बाई ने सिखाया." तेव्हा मला तुमची पहिल्यांदा आठवण झाली. खरं तर तेव्हाच तुम्ही माझ्या उपयोगाच्या झालात.

आपल्या शाळेची इमारत हा प्रभागात सगळ्यांत मोठा प्रश्न होता. मोहल्ल्याला तिथे शादीखाना हवा होता. मागणी खोटी नव्हती. आमच्याकडे लग्नं रस्त्यावर मांडव घालून होतात. माझ्या मावसबहिणीच्या निकाहात नाली तुंबून पाणी पंगतीत आलं होतं. भाऊंनी सांगितलं, "बोलून द्या." आणि मी मोहल्ल्याच्या सभेत हिंदीत बोलले की स्कूल की बिल्डिंग में शादीखाना बनेगा, ये मेरी ज़बान है. लोकांनी नारे दिले. त्यानंतर पाच दिवसांनी, रविवारी दुपारी चार वाजता, तुमच्या वस्तीत सभा होती. तिथल्या मुलामुलींना अभ्यासाला जागा नाही. एका खोलीत पाच माणसं, त्यात टीव्ही. त्यांना त्याच इमारतीत अभ्यासिका हवी होती, आणि जमलं तर शाळाही परत. भाऊ स्टेजवर माझ्या कानाशी वाकले. "शाळेचं बोला. तुमच्या त्या बाईंचं बोला. इथं त्यांले लोकं लई मानतात."

समोर पहिल्या रांगेत तुमची बहीण बसली होती. केस पूर्ण पांढरे, पांढरी साडी, मांडीवर पर्स. मी तिला नमस्कार केला आणि बोलायला लागले. आधी खरं बोलले. सहावीतला धडा, मतदार यादी, अंबाडीची भाजी. बायका हसल्या, माना हलवल्या. मग मी थांबले नाही. मी म्हटलं, बाई आजारी होत्या तेव्हा मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसून होते. मी म्हटलं, शेवटच्या दिवशी त्यांचा हात माझ्या हातात होता आणि त्या मला म्हणाल्या, पोरी, आपली शाळा बंद होऊ देऊ नको. मी म्हटलं, त्यांच्या नावाची अभ्यासिका त्या इमारतीत होईल, हा त्यांना दिलेला शब्द आहे. पुढच्या तीन रांगांतल्या बायका डोळे पुसत होत्या. तुमची बहीण पुसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, पर्सच्या पट्ट्यावर दोन्ही हात ठेवून.

मी दवाखान्यात आले नव्हते. हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही बहिणीच्या हाती दोनदा निरोप पाठवला होता, "तिले एकदा येऊ द्या." दोन्ही वेळा मी 'उद्या येते' म्हटलं. माझ्या चुलत बहिणीची मंगनी होती, हातावर मेंदी काढायची होती, मग प्रॅक्टिकल होती, मग जुम्म्याचा शुक्रवार आला. कुणी मला अडवलं नव्हतं. अम्मी तर म्हणत होती, जाके आ. मला तुम्हाला आजारी बघायची भीती वाटत होती, एवढंच, आणि ती भीती संपायच्या आत तुम्ही गेलात. अंत्ययात्रा आमच्या गल्लीच्या टोकावरून गेली. मी गच्चीवरून पाहिली.

निवडून आले ते चांगल्या मतांनी. दोन्हीकडच्या यंत्रांत माझं नाव वर होतं. मोहल्ल्यात फटाके वाजले, तुमच्या वस्तीत बायकांनी ओवाळलं. दीड महिन्यानं भाऊंनी इमारतीची मोजणी करायला माणसं पाठवली. मला फोन केला नव्हता, मला कळलं ते चुना पडल्यावर. मैदानात पांढऱ्या रेषा आखल्या होत्या: इथे स्टेज, इथे जेवणाचा हॉल, इथे हात धुवायची जागा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची बहीण आमच्या घरी आली. अम्मीनं खुर्ची दिली, ती बसली नाही. "काय वं," ती म्हणाली, "त्या दिवशी माइकवर माह्या बहिणीचं नाव घेतलं ना तू?"

"घेतलं, मावशी."

"मंग तिथं जेवणाचा हॉल काहून आखून राहिले?"

माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? मी म्हटलं, "मावशी, काय करू, आमच्या लोकांची मागणी आहे." बोलले आणि मलाच ऐकू आलं. पण तुमची बहीण काही तुमच्यासारखी रागावली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "आमच्या म्हंजे? मी तुले मत देल्लं. माह्या गल्लीनं देल्लं. आमी तुह्या लोकांत नाही का?" अम्मीची मशीन थांबली होती. तुमची बहीण दाराकडे वळली, चपला घातल्या, आणि तिथूनच म्हणाली, "आन् माही बहीण शेवटी काय बोलली ते मले माहीत आहे. पाणी मांगतलं होतं तिनं." एवढं म्हणून ती उन्हात निघून गेली. अम्मीनं मला विचारलं, "क्या बोली वो?" मी म्हटलं, कुछ नहीं, स्कूल का पूछ रही थी.

चार दिवसांनी भाऊ स्वतः कंत्राटदाराला जागा दाखवायला आले. बातमी दोन्हीकडे गेली होती. मोहल्ल्याचं फाटक उघडलं, तिथून आमची माणसं आली, आणि पलीकडच्या फाटकाबाहेर तुमच्या वस्तीतली. कुणीतरी तिथलं कुलूप तोडलं. मैदानाच्या मधोमध चुन्याची रेष आणि दोन्ही बाजूंना माणसं. या दोन वस्त्यांत नळावरून भांडणं झाली असतील, पोरांच्या क्रिकेटवरून झाली असतील, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा 'हे लोक' असं ऐकलं. "या लोकायले शाळा नकोच असते." "ये लोगों को हमारी हर चीज़ से तकलीफ़ है." ज्यांचे फॉर्म मी एकाच दुपारी एकाच टेबलावर भरले होते, तीच माणसं होती ती. एका बाईनं पायानं चुना पुसला. एका माणसानं तिला ढकललं नाही, पण हात उचलला होता. भाऊ हसत हसत दोन्हीकडे हात दाखवत होते, "बसून बोलू, बसून बोलू."

मी पायरीवर चढले. माइक नव्हता. आधी हिंदीत बोलले. "झगड़ा मत करो. गलती आपकी नहीं है. मैंने एक ही जगह दो बार दी है. यहाँ शादीखाना बोला, वहाँ लाइब्रेरी बोली. मुझे मालूम था कि बिल्डिंग एक ही है." मग तेच मराठीत सांगितलं, शब्द न बदलता. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. नाही झाला. लोक असे बघत राहिले जसं कुणी भर रस्त्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं आहे. भाऊ म्हणाले, "मॅडम नव्या आहेत, गोंधळ झाला." मी म्हटलं, "गोंधळ नाही झाला, भाऊ. तुम्ही सांगितलं आणि मी बोलले. मला कळत होतं." माइकचं विचारणारे तेच बुजुर्ग पुढे आले आणि म्हणाले, "तेरे बाप का मुँह देख के चुप हूँ." तुमच्या वस्तीतली एक मुलगी, दहावी-अकरावीची असेल, मोठ्यानं म्हणाली, "मग आता काय करणार ते सांगा ना." मी म्हटलं, दोन्हीकडच्या लोकांना बसवून विचारल्याशिवाय इथे काही होऊ देणार नाही. त्यावर कुणी टाळी वाजवली नाही. माणसं हळूहळू आपापल्या फाटकानं परत गेली.

अब्बा मागे उभे होते, कामावरून तसेच आले होते. आम्ही दोघं घरी चालत आलो. वाटेत त्यांनी विचारलं, "झूठ इधर बोली थी कि उधर?" मी म्हटलं, दोनों तरफ. ते थोडं चालले. मग म्हणाले, "चलो, किसी के साथ नाइंसाफ़ी तो नहीं की." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आरा मशीनवरून परतताना ते चौकातल्या चहाच्या टपरीवर थांबत नाहीत, सरळ घरी येतात. विचारलं तर म्हणतात, चाय आजकल पानी जैसी है.

इमारत तशीच आहे. मी आयुक्तांना पत्र दिलं आहे की दोन्ही वस्त्यांची संयुक्त बैठक घ्यावी. खालच्या मजल्यावर अभ्यासिका आणि शाळेमागच्या रिकाम्या जागेवर हॉल होतो का ते तपासावं. फाईल कुठल्या टेबलावर आहे ते मला माहीत आहे, आणि ती तिथून का हलत नाही तेही. भाऊ आता पॅनलच्या बैठकीला मला बोलवत नाहीत. सेंटरवर अजून जाते. मोहल्ल्यातल्या काही बायका येतात, फॉर्म भरून घेतात, आणि जाताना हळूच म्हणतात, "अच्छा किया बेटा." मोठ्यानं कुणी म्हणत नाही. एकीनं विचारलं, अभ्यासिका झाली तर आमच्या मुलींना बसू देतील का. मी म्हटलं, का नाही? ती म्हणाली, "पूछ के बताना." तिला सांगायला अजून माझ्याकडे काही नाही.

त्या दिवशी मैदानावर मी इमारतीबद्दल कबूल केलं. तुमच्याबद्दल केलं नाही. तुमची बहीण तिथे होती, गर्दीच्या कडेला, आणि मी तिला पाहिलं होतं. एक वाक्य होतं फक्त: मी दवाखान्यात गेले नव्हते. दोन्ही भाषांत मला ते म्हणता येत होतं. नाही म्हटलं. तुमच्या वस्तीत अजूनही लोक सांगतात की बाईंनी शेवटी शाळेचीच काळजी केली. मागच्या आठवड्यात कुणीतरी ते फळ्यावर लिहिलं, वस्तीच्या विहाराबाहेर, तुमच्या नावानं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तुम्ही कधीच न म्हटलेलं ते वाक्य आता तुमचं झालं आहे, आणि ते पुसायचं तर मलाच जावं लागेल. मी जाईन असं इथे लिहिणार होते. पण मी तुम्हाला 'उद्या येते' आधी दोनदा म्हटलेलं आहे.

हे कागद मी कुणाला देणार नाही, तुमच्या बहिणीलाही नाही. तिला सांगायचं ते तिच्या दारात उभं राहून सांगायला हवं, कागदावर नाही.

अजून एक आहे, बाई. लाज मला नंतर वाटली, बऱ्याच नंतर, घरी आल्यावर. तिथे स्टेजवर, तुमचा हात माझ्या हातात होता असं मी सांगत होते आणि बायका रडत होत्या, तेव्हा मला लाज वाटत नव्हती. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं होतं की माझं मराठी किती छान झालं आहे.